चमचाभर साखरेचा हिशेब

आठ-दहा वर्षांच्या मुलाला मधुमेह झाला, की भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एवढं गोड खात होता का हो?" प्रश्न काळजीपोटी विचारलेला असतो, पण आईच्या मनात तो काट्यासारखा रुतून बसतो. बिस्किटांचे पुडे, वाढदिवसाचे केक, आजीने मुठीत दिलेले साखरफुटाणे असं सगळं तिला एकेक करून आठवू लागतं. आपलंच कुठेतरी चुकलं, ही बोच मग वर्षानुवर्षं जात नाही.

तिचं काहीही चुकलेलं नसतं. तिच्या मुलाचा आजार आणि शेजारच्या साठीतल्या काकांचा आजार यांना आपण एकच नाव देतो, एवढीच काय ती गफलत. काकांनाही "शुगर" आणि मुलालाही "शुगर". मशीनवर दिसणारा आकडा सोडला, तर या दोन आजारांचं मूळ वेगळं, वाटचाल वेगळी आणि औषधही वेगळं. नावाच्या या घोळापायी आजही माणसं दगावतात, म्हणून हा घोळ मुळापासून समजून घ्यायला हवा.

सुरुवात रक्तापासून करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि निरोगी माणसाच्या उपाशीपोटी रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. हिशेब केला तर सगळ्या रक्तातली साखर भरते जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. दोन भाकऱ्या आणि वाटीभर भात खाल्ला तर याच्या वीसपट ग्लुकोज आतड्यातून रक्तात उतरतं. तरीही निरोगी शरीरात दोन-तीन तासांत रक्त पुन्हा त्या चमचाभरापाशी येऊन थांबतं. उरलेली साखर स्नायूंत जाते, यकृतात साठते, चरबीत जमा होते. ती तिथे पोचवणारा निरोप्या म्हणजे इन्सुलिन. हा स्राव पोटाच्या मागे आडव्या पसरलेल्या स्वादुपिंडात तयार होतो. तोही सगळ्या स्वादुपिंडात नाही, तर त्यात विखुरलेल्या सूक्ष्म बेटांमधल्या बीटा पेशींत. ही बेटं १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या बर्लिनमधल्या वैद्यकीय विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसली. ती काय करतात, याचा मात्र त्याला पत्ता नव्हता. ती सगळी बेटं एकत्र केली तर त्यांचं वजन एक-दोन ग्रॅमच्या पलीकडे जात नाही.

चमचाभराचे दोन चमचे झाले, की गाडी रुळावरून घसरते. साखर साधारण १८० च्या वर गेली, की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही आणि ती लघवीत उतरते. जाताना ती पाणी ओढून नेते. म्हणून सारखी लघवी, म्हणून न भागणारी तहान, आणि खाल्लेलं अंगी न लागता वाहून जातं म्हणून घटणारं वजन. रक्तात साखरेचा पूर आणि पेशींच्या घरात उपासमार, अशी ही अवस्था.

लघवीला मुंग्या लागतात, ही खूण आपल्याकडच्या प्राचीन वैद्यांनी टिपून ठेवली होती आणि त्यावरूनच मधुमेह हे नाव पडलं. त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या विकाराचे, दोन प्रकार सांगितले आहेत, एक 'सहज' म्हणजे जन्मासोबत आलेला आणि दुसरा 'अपथ्यनिमित्तज' म्हणजे अपथ्यातून आलेला. पहिल्यातला रोगी कृश, कोरडा, कमी खाणारा आणि सतत तहानलेला. दुसऱ्यातला स्थूल, भरपूर खाणारा, बसून-झोपून राहणारा. उपचारही वेगळे सांगितले आहेत. कृशाला पोसायचं आणि स्थूलाला उतरवायचं. आजच्या टाइप १ आणि टाइप २ वर, म्हणजे मुलाच्या आणि काकांच्या आजारावर, ही जोडी तंतोतंत बसवणं घाईचं ठरेल, कारण बीटा पेशी, प्रतिकारशक्ती ही भाषाच तेव्हा नव्हती. पण एकाच गोड लघवीमागे दोन वेगळी माणसं उभी आहेत, हे त्या वैद्यांच्या नजरेने हेरलं होतं. युरोपातल्या वैद्यकाला हा भेद कसोटीवर सिद्ध करायला विसावं शतक उजाडावं लागलं.

त्या शतकाच्या सुरुवातीला मधुमेह झालेल्या मुलाचं भविष्य डॉक्टरांना ठाऊक असायचं. काही महिने, फार तर दोन-तीन वर्षं. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग इथे ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. त्यामुळे आजाराचा पत्ता सापडला होता, औषध सापडलं नव्हतं. उपाय एकच होता, तो म्हणजे उपासमार. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन मुलांना दिवसाकाठी काहीशे कॅलरींवर ठेवत. मूल मधुमेहाने आज मरण्याऐवजी भुकेने थोडं उशिरा मरे. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी. १९१९ मध्ये, अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला. तीन वर्षं तिने तो उपास काढला. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला टोरांटोला नेलं तेव्हा पंधराव्या वर्षाकडे झुकलेल्या त्या मुलीचं वजन उरलं होतं वीस किलो.

टोरांटोला नेण्याचं कारण होतं. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिथल्या विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला होता. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तसाच अर्क टोचण्यात आला. पहिली सुई वाया गेली, कारण अर्क गढूळ होता आणि टोचल्या जागी गळू झालं. मग जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने रात्रंदिवस खपून तो शुद्ध केला आणि बारा दिवसांनी, २३ जानेवारीला, पुन्हा टोचला. या वेळी मुलाची साखर उतरली. एलिझाबेथही वाचली. शिकली, संसार केला, मुलं झाली आणि १९८१ मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी वारली. इन्सुलिनशिवाय ती पंधरावं वर्षही पुरं करू शकली नसती.

या मुलांना झालेला आजार म्हणजे आजचा टाइप १. त्याचं कारण चुलीपाशी किंवा डब्यात शोधून सापडणार नाही. आपल्या अंगातली प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी असते. काही जणांत ती आपल्याच बीटा पेशींना परक्या समजते आणि एकेक करून त्या संपवते. हे काम महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं मुकाट चालू असतं. बहुतेक पेशी संपल्या, की मग लक्षणं एकाएकी दिसतात. आईला वाटतं, गेल्या महिन्यापर्यंत धडधाकट होता. प्रत्यक्षात लढाई केव्हाच सुरू झालेली असते. रक्तात आधीपासून त्या बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात.

प्रतिकारशक्ती अशी का उलटते, याचं निम्मं उत्तर जनुकांत आहे. पण निम्मंच. एकाच बीजातून जन्मलेल्या, जनुकं हुबेहूब सारखी असलेल्या जुळ्यांतल्या एकाला टाइप १ झाला, तर दुसऱ्याला तो होतोच असं नाही. पुष्कळ जोड्यांत दुसरा भाऊ निरोगीच राहतो. उरलेलं निम्मं उत्तर परिसरात दडलेलं आहे. जगात टाइप १ सर्वाधिक आढळतो तो फिनलंडमध्ये. त्याच्या सीमेपलीकडे रशियातला करेलिया प्रांत आहे. दोन्हीकडच्या लोकांची वंशपरंपरा, हवामान आणि या आजाराला पूरक मानली जाणारी जनुकं यांत फारसं अंतर नाही. तरीही करेलियातल्या मुलांत हा आजार फिनलंडच्या सुमारे एक षष्ठांश निघाला. सीमेच्या दोन बाजूंना राहणीमान वेगळं, लहानपणी होणारे संसर्ग वेगळे. काही विषाणूंवर, विशेषतः आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंवर संशोधकांचा दाट संशय आहे. गोड खाण्यावर मात्र नाही.

इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी. इन्सुलिन पूर्ण आटलं, की शरीर नाइलाजाने चरबी जाळू लागतं आणि रक्तात आम्ल साठत जातं. मूल ओकतं, पोट दुखतं म्हणतं, खोल आणि भराभर श्वास घेतं, तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येतो. घरचे म्हणतात, बाहेरचं काही खाल्लं असेल. कधी दवाखान्यातही पोट बिघडल्याचंच औषध मिळतं. बोटातला रक्ताचा एक थेंब आणि ग्लुकोमीटरची एक पट्टी एवढ्यात निदान होतं, पण त्यासाठी मधुमेहाची शंका मनात यावी लागते. रात्रीचं अंथरूण ओलं करणं थांबलेलं मूल पुन्हा ते करू लागलं, शाळेत पाण्याची बाटली पुरेनाशी झाली, गणवेश सैल झाला, तर त्या एका थेंबाच्या तपासणीला उशीर करू नये.

आणि निदान झाल्यावरची चूक तर त्याहून घातक. "सुई एकदा लागली की सुटत नाही, त्यापेक्षा काढा घ्या," असं सांगणारा कुणी ना कुणी नात्यात भेटतोच. काकांच्या शुगरला कारल्याच्या रसाने थोडा फरक पडलाही असेल. मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयार करणारी पेशीच उरलेली नाही, तर कारलं कुणाला जागं करणार? टाइप १ च्या मुलाचं इन्सुलिन बंद करणं म्हणजे त्याला १९२१ सालात परत नेऊन सोडणं. काही दिवसांत जीव जाऊ शकतो.

मग काकांचं काय?

१९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी एक साधा प्रयोग केला. मधुमेही माणसाला ग्लुकोज प्यायला द्यायचं आणि त्याच वेळी इन्सुलिनची सुई टोचायची. काहींची साखर वर चढलीच नाही, इन्सुलिनने ती तिथल्या तिथे सांभाळली. काहींच्या रक्तात तेवढंच इन्सुलिन असूनही साखर चढत गेली. याचा अर्थ, दुसऱ्या गटाचं शरीर इन्सुलिनचं ऐकतच नव्हतं. पुढे १९६० च्या सुमारास न्यू यॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची रीत शोधली, तेव्हा हे आकड्यांत दिसलं. उतारवयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर, कधी निरोगी माणसापेक्षाही जास्त होतं. निरोप्या दारात उभा राहून हाका मारत होता, आतून कुणी ओ देत नव्हतं. या शोधासाठी यॅलो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन त्याआधीच वारले होते.

टाइप २ तो हाच. भारतातल्या दहा मधुमेहींपैकी नऊ जण या गटात मोडतात. इथे आजार दोन टप्प्यांनी येतो. आधी यकृत आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून कसंबसं निभावून नेतं. या काळात रिपोर्ट "बॉर्डरवर" असतो, उपाशीपोटी १०० ते १२५ च्या मधे. वर्षांमागून वर्षं असा जादा भार ओढून बीटा पेशी दमतात, आणि मग आकडा १२६ ओलांडतो, म्हणजेच मधुमेह झाला असं डॉक्टर सांगतात. हे पेशी दमणं पुढेही चालूच राहतं. म्हणून टाइप २ असलेल्या माणसाला दहा-पंधरा वर्षांनी गोळ्या पुरेनाशा होऊन सुई लागू शकते. त्यात पथ्य मोडल्याची लाज नाही आणि "आता शेवटचं" असं समजून खचण्याचंही कारण नाही.

यकृतात आणि स्वादुपिंडात साचणारी चरबी हे या बिघाडाचं एक मोठं मूळ आहे. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप २ चं निदान होऊन फार वर्षं न झालेल्या रुग्णांना काही महिने अत्यंत कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं. वर्षअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. वजन पुन्हा वाढलं की आजार परततो, म्हणून याला बरं होणं म्हणता येत नाही. टाइप १ च्या बाबतीत असलं काही घडणं शक्यच नाही. मधुमेह "मुळापासून घालवतो" अशी जाहिरात दिसली, की कोणता मधुमेह, हा प्रश्न आधी विचारावा.

टाइप २ घराण्यातून येतो का? येतो. आईवडील दोघांनाही असला तर धोका बराच वाढतो. पण जनुकं दार किलकिलं ठेवतात, ते उघडतं राहणीमानामुळे. अमेरिकेच्या ॲरिझोनातले आणि सीमेपलीकडच्या मेक्सिकोतले पिमा आदिवासी एकाच कुळातले. ॲरिझोनातल्या पिमांच्या शेतीचं पाणी एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी वरच्या अंगाला वळवलं. शेती गेली, आणि ताटात सरकारी पीठ आणि प्राण्यांची चरबी आली. मेक्सिकोतले पिमा डोंगरात कष्टाची शेती करत राहिले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ॲरिझोनात ३८ टक्के प्रौढांना मधुमेह होता आणि मेक्सिकोत ६.९ टक्के. आजाराला आळस म्हणून हिणवणाऱ्यांनी या पाण्याची गोष्ट जरूर वाचावी.

तरीही पिमांची गोष्ट आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. ॲरिझोनातले पिमा लठ्ठ होते. आपल्याकडे "अंगाने तर बारीकच आहेत, मग शुगर कशी?" हे वाक्य रोज ऐकू येतं. या कोड्याचं उत्तर शोधायची वाट पुण्यातून गेली.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आलं. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे होते. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, २२.३. कुठल्याही तक्त्यानुसार दोघेही सडपातळ. मग यंत्राने शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! वजनकाट्यावर सारखी भरणारी दोन शरीरं आतून इतकी वेगळी होती. म्हणूनच आज भारतीयांसाठी वजनाची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात आणि पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरपर्यंतच चालतो असं मानतात. हातपाय काटकुळे आणि सदरा पोटावर ताणलेला, ही आपल्याकडची ओळखीची ठेवण मधुमेहाला आवतण देणारी आहे.

ही ठेवण येते कुठून, याचा शोध याज्ञिक यांनी जन्मापर्यंत, नव्हे जन्माच्या आधीपर्यंत नेला. १९९३ पासून त्यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या लग्न झालेल्या स्त्रियांची नोंद ठेवायला सुरुवात केली. स्त्री गरोदर राहण्याआधी तिचं वजन, मग गरोदरपणातलं तिचं खाणं, शेतावरचं आणि घरातलं काम, रक्तातली जीवनसत्त्वं, आणि मग बाळ जन्मलं की त्याचं मोजमाप. बाळंतपण घरी झालं तरी मोजपट्टी आणि काटा घेऊन माणसं तिथे पोचत. बाळांचं सरासरी वजन निघालं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आठशे ग्रॅमची ही तूट अंगात सगळीकडे सारखी नव्हती. पोट बारीक, दंड बारीक, आतले अवयव लहान. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची चिमूट धरून मोजली, तर तिथली चरबी जवळजवळ इंग्लंडच्या बाळाइतकी! स्नायू कमी पडले होते, चरबी राखून ठेवली होती. संशोधकांनी या बाळाला जे नाव दिलं, त्याचा अर्थ 'हडकुळं-गुबगुबीत भारतीय बाळ' असा होतो.

इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर आणि निक हेल्स यांनी १९९२ मध्ये मांडलं होतं, की आईच्या पोटात अन्न तोकडं पडलं तर गर्भ काटकसर करतो. मेंदूला आधी पुरवतो, स्वादुपिंड आणि स्नायू यांच्या वाट्याला कमी येतं. पुढे आयुष्य ओढगस्तीतच गेलं तर हे चालून जातं. पण दुष्काळी भागात आईच्या पोटात वाढलेलं मूल मोठं होऊन शहरात आलं, बैठं काम करू लागलं, वडापाव आणि गोड चहावर दिवस काढू लागलं, तर काटकसरीसाठी घडलेलं शरीर सुबत्तेत कोलमडतं. गेल्या दोन पिढ्यांत महाराष्ट्रातल्या किती घरांनी हाच प्रवास केला आहे! गावाकडे पाय झिजवणारे आजोबा निरोगी राहिले आणि त्यांच्यापेक्षा चांगलं खाऊन-पिऊन असलेल्या नातवाला पस्तिशीत शुगर निघाली, याचं नवल त्या घरांना वाटतं. पुण्याच्या सहा गावांतल्या नोंदी त्याचा उलगडा करतात.

त्या नोंदींत एक अनपेक्षित धागाही सापडला. बहुसंख्य मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ते मुख्यतः दूध, अंडी, मांस-मासळी यांतून मिळतं आणि यांतलं बरंच काही त्या स्त्रियांच्या ताटात क्वचितच येई. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व भरपूर होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची खूण सगळ्यांत जास्त दिसली. मधुमेहाचा माग काढायला निघालेल्या माणसांच्या हाती गरोदर बाईचं ताट आलं.

देशभराचं चित्र २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीतून समोर आलं. सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. देशाची सरासरी ११.४ टक्के, आणि सगळ्यांत वर गोवा, २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकापेक्षा जास्त.

गरोदरपणात पहिल्यांदाच वाढणारी साखर हा आणखी एक प्रकार. वार काही हार्मोन सोडते आणि ती आईच्या शरीराला इन्सुलिनकडे थोडं दुर्लक्ष करायला लावतात, म्हणजे साखर बाळाकडे जास्त जावी. हा निसर्गाचाच बेत आहे. ज्या आईचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन पुरवू शकत नाही, तिची साखर चढते. तपासणी आपल्याकडे मुद्दाम सोपी ठेवली आहे. जेवलेली असो वा उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर मधुमेह. ही सवलत कळीची आहे. लांबच्या वाडीवरून पहाटेच्या एसटीने आलेल्या बाईला "उद्या उपाशीपोटी या" म्हणून परत पाठवलं, तर ती उद्या येत नाही. बाळंतपणानंतर साखर बहुधा जागेवर येते, पण त्या बाईला पुढे टाइप २ होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढलेला असतो. बाळाच्या बारशाच्या गडबडीत हे विसरलं जातं.

या तिन्हींत न बसणारेही पुष्कळ आहेत. स्वादुपिंडाला वारंवार सूज आली, दारूने ते निकामी झालं, केरळात पूर्वी पुष्कळ आढळायचे तसे त्यात खडे झाले, तर बेटंही त्याबरोबर बुडतात. थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांना सतत रक्त द्यावं लागतं, त्यातलं लोह बीटा पेशींत साठून त्या मरतात. स्टेरॉइडने साखर चढते, हे महाराष्ट्राने २०२१ च्या कोविडच्या लाटेत सोसलं. आधीच असलेला, कित्येकांना ठाऊकही नसलेला मधुमेह, त्यावर स्टेरॉइडचा मारा आणि त्या गोड रक्तावर पोसलेली काळी बुरशी. या बुरशीपायी कित्येकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. रुग्णांच्या संख्येत महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्यं आघाडीवर होती.

काही मधुमेह एकाच जनुकातल्या चुकीने होतात. यांतली एक कथा विसरता येत नाही. जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या बाळांना पूर्वी टाइप १ समजून जन्मभर इन्सुलिन देत. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की यांतल्या अनेकांच्या बीटा पेशी जिवंत आणि इन्सुलिनने भरलेल्या आहेत. पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची एक झडप उघडीच अडकून बसल्याने ते बाहेर पडत नाही, इतकंच. ही झडप मिटवणारी गोळी कुठल्याही औषधाच्या दुकानात होती. ग्लायबेनक्लामाइड, म्हणजे काकांना वर्षानुवर्षं मिळणारी जुनी, स्वस्त गोळी. जन्मापासून दिवसाला चार-चार सुया घेणारी मुलं त्या गोळीवर आली आणि त्यांची सुई सुटली. आजार तोच होता, नाव बरोबर मिळाल्यावर आयुष्य बदललं. सहा महिन्यांच्या आतल्या प्रत्येक मधुमेही बाळाची जनुकीय तपासणी करा, असा डॉक्टरांचा आग्रह असतो तो यासाठीच.

यादीत सर्वांत अलीकडे भर पडली २०२५ मध्ये. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. हा रुग्ण तरुण, अतिशय कृश, लहानपणापासून अर्धपोटी. त्याच्या अंगात इन्सुलिन कमी असतं, पण टाइप १ सारखी प्रतिपिंडं नसतात. जमैकात १९५५ मध्ये असे रुग्ण पहिल्यांदा नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये हा प्रकार यादीत घेतला आणि १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून वगळला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या आणि न्यू यॉर्कच्या संशोधकांनी २०२२ मध्ये तो पुरावा मोजमापासह मांडला. सगळ्या तज्ज्ञांचं यावर अजून एकमत नाही. पण अशा माणसाला टाइप १ समजून इन्सुलिनचा भरपूर डोस दिला आणि घरी त्या दिवशी जेवायला पुरेसं नसलं, तर साखर धोकादायक खाली जाते. नाव ठरवण्याचा प्रश्न त्याच्यासाठी जिवाचा आहे.

प्रकार ओळखायचा कसा? नुसत्या आकड्यावरून ओळखू येत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.५ च्या वर गेली, की मधुमेह आहे एवढंच कळतं, कोणता ते नाही. त्यासाठी वय, अंगलट, घराणं, वजन किती झपाट्याने उतरलं, हे बघावं लागतं. शंका आली तर प्रतिपिंडांची तपासणी आणि शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतं हे सांगणारी सी-पेप्टाइड तपासणी. वयावर विसंबणं फसवं असतं. चाळिशीतल्या माणसालाही टाइप १ होतो, सावकाश येतो आणि सुरुवातीला टाइप २ म्हणून गोळ्यांवर काढला जातो. बारीक माणूस, गोळ्या वाढवत नेल्या तरी वर्षभरात निष्फळ, वजन उतरतंय, अशा वेळी "तुम्ही पथ्य पाळत नाही" असं म्हणण्याआधी या दोन तपासण्या व्हायला हव्यात. दुसरीकडे, बाराव्या-तेराव्या वर्षी टाइप २ झालेली मुलं आता शहरांतल्या दवाखान्यांत दिसू लागली आहेत.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांत १९९३ नंतर जन्मलेली बाळं आता तिशीत आहेत. ती वयात येत असताना, २०१२ पासून, याज्ञिक यांच्या चमूने त्यांच्यात 'प्रिया' नावाची चाचणी सुरू केली. लग्नाआधी, गर्भ राहण्याच्या पुष्कळ आधी त्या मुलामुलींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याची. त्या मुलींची लग्नं झाली, काहींची बाळंतपणं झाली, आणि त्यांच्या आयांच्या वेळी झालं तसंच कुणीतरी काटा आणि मोजपट्टी घेऊन नव्या बाळाच्या पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची कातडीची चिमूट मोजायला त्यांच्या घरी गेलं.